परका खुनी, घरचा खुनी

जॉन ब्राहमचा ‘द लॉजर’ हा १९४४चा चित्रपट. काळ व्हिक्टोरिया राणीचा, लंडनवर धुकं, बायकांचे खून होताहेत आणि एका घरात नवा भाडेकरू येतो. लेअर्ड क्रेगरचा तो अवाढव्य देह पाहताच आपण ओळखतो, हाच तो. १८८८ साली व्हाइटचॅपलमध्ये खऱ्या मेल्या त्या दरिद्री बाया, चित्रपटात मात्र त्यांच्या नट्या झाल्या. म्हणजे गरिबी गेली, धुकं तेवढं राहिलं! चित्रपट देखणा आहे, हे कबूल. पण त्यातली भीती फार सोयीची वाटते. खुनी बाहेरून आलेला, तो गेला की घर पुन्हा स्वच्छ.

आता आपल्या शेजारचं मानवत घ्या. १९७२ ते ७४. दुष्काळ, आणि त्यात बायका-मुलींचे खून. तेव्हा आम्ही विशी ओलांडलेले. आमच्या गल्लीत आलेल्या एका बहुरूप्याला लोकांनी अडवून त्याची झोळी उलटी केली. निघालं काय, तर ज्वारी आणि रंगाची डबी. आम्ही बघत उभे होतो. व्हिक्टोरियाच्याच राज्यात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो गेला १९५२ला, पण पारधी दिसला की संशय घेणारी नजर काही गेली नाही.

मानवतवरून अमोल पालेकरांनी १९८१ साली ‘आक्रीत’ केला. लेखन विजय तेंडुलकरांचं. बळी दिले की मूल होईल, अशी ती समजूत. आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती त्यातली पात्रनिवड. ‘रजनीगंधा’, ‘गोलमाल’मधला तो भिडस्त, पगारदार, आपल्यातला वाटणारा चेहरा, तोच इथे मुकुटराव! क्रेगरला बघून दार लावून घ्यावं, ह्याला मात्र आपण चहा विचारू.

कुणी म्हणेल, ही अंधश्रद्धेची गोष्ट. आहेच. पण अंधश्रद्धा तर गावात सगळ्यांचीच होती, खून सगळ्यांनी केले नाहीत. दुसऱ्याच्या पोरीचा जीव आपल्या कामाला लावता येतो, हे ज्याला वाटतं त्याच्याजवळ सत्ता लागते, हुकूम ऐकणारी माणसं लागतात. तपास संपतो तिथे हा प्रश्न सुरू होतो.

त्या बहुरूप्याची ज्वारी कुणी भरून दिली, ते आम्हाला आठवत नाही. बहुधा कुणीच नाही.