गेडचा प्रवास आणि नायकयात्रेचा आराखडा
जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात नायकाच्या प्रवासाचे तीन टप्पे मांडले: प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत हे तिन्ही टप्पे दिसतात. गाँट बेटावर शेळ्या राखणारा गेड रोक बेटावरील जादूविद्यालयात जातो, संकटांना तोंड देतो आणि शेवटी मित्रासह किनाऱ्याला परततो.

मात्र येथे एक फरक लक्षात घ्यावा. गेडचा शत्रू बाहेरून येत नाही. सहाध्यायाला हरवण्याच्या ईर्ष्येने तो मृतात्म्याला बोलावतो आणि त्यातून एक सावली मोकळी सुटते. तो तिच्यापासून पळत राहतो. पळणे थांबवून तिचाच पाठलाग कर, हा गुरू ओजियन यांचा सल्ला कथेला कलाटणी देतो. अखेर भर समुद्रात गेड सावलीला नावाने हाक मारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते.

कॅम्पबेल यांचा नायक समाजासाठी वरदान घेऊन येतो. गेड रिकाम्या हाताने, पण स्वतःला ओळखून परततो. म्हणून टप्पे जुळवून दाखवल्याने समीक्षा पुरी होत नाही. कृतीने आराखडा कोठे आणि का बदलला, हेही विचारावे लागते.