दिव्याखालची उपासमार

काचेच्या टाकीत पाणवनस्पतींची बाग फुलवण्याची कला हल्ली दिव्यांच्या कह्यात गेली आहे. लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळणारे एलईडी आले आणि रोटालासारखी साधी पाणवनस्पतीही फोटोत पेटल्यासारखी दिसू लागली. त्यातली लाली पानाची किती आणि दिव्याची किती, हे कुणी विचारत नाही. दुकानात दिवा वॅट नि ल्युमेनवर खपतो. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप. वनस्पतीला लागतो तो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, तळापर्यंत पोचणारा प्रकाश.

पण खरी टंचाई कार्बनची आहे. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, लिटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. त्यात हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. नुसता उजेड वाढवला तर भूक वाढते, घास वाढत नाही. पानं खुरटतात आणि टाकी शेवाळाला आंदण जाते.

जपानमधल्या निइगाताचे पाणबागकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी हे ओळखलं होतं. रिच्चिया ही तरंगणारी वनस्पती त्यांनी दगडाला बांधून तळाशी नेली, तिला कार्बन डायऑक्साइड (सीओटू) पुरवला आणि ऑक्सिजनच्या बुडबुड्यांनी चमचमणारी हिरवळ उभी केली. पुढे डेन्मार्कच्या अँडरसन आणि पेडरसन यांनी याच रिच्चियावर प्रयोग केले. मंद प्रकाशातही सीओटू वाढवताच तिची वाढ सुधारली. कार्बन मुबलक असला की तो पकडण्यावरचा खर्च वाचतो, आणि वनस्पती ती शिल्लक प्रकाश टिपण्याकडे वळवू शकते. महागडा दिवा घेण्याआधी सीओटूचा सिलिंडर आणि चांगला रेग्युलेटर घ्यावा, असं मी म्हणतो ते यामुळेच. लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम पुरे; त्यापुढे मासे धापा टाकू लागतात. वायू दिव्याच्या तासभर आधी सुरू करावा, रात्री बंद ठेवावा. पाण्यातला सीओटू रंगातून दाखवणाऱ्या ड्रॉप चेकरचा हिरवा रंग आश्वासक खरा, पण तो तास-दोन तास मागची खबर देतो.

आमानोंच्या कंपनीची पाणबागांची जागतिक स्पर्धा २००१ पासून चालते आणि प्रवेशिका फोटोवर जोखल्या जातात. तिथेच गोम आहे. टाकी एका दिवसासाठी सजते; मग तेच बुटके डोंगर, तीच जंगलातली पायवाट. (पाण्याखाली पायवाट कशाला, देव जाणे!) डायना वॉलस्टॅड यांनी १९९९च्या पुस्तकात मांडलेली मातीची टाकी या झगमगाटात गावंढळ ठरते. तिथे मातीतलं सेंद्रिय द्रव्य कुजून कार्बन मिळतो, उजेड बेताचा असतो. टाकी दिसते थोडी रानटी, पण वर्षानुवर्षं टिकू शकते.

आपल्याकडे दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बहुधा कठीण, बायकार्बोनेटनं भरलेलं. जपानी टाकीची नक्कल करायला लोक ते आरओतून काढतात. वॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या पाणवनस्पतींना तर हाच बायकार्बोनेट कार्बन म्हणून वापरता येतो. त्यांना सिलिंडरची गरज नाही. रोटाला मॅक्रान्ड्रा मात्र भारतातलीच असूनही सीओटूवाचून सहसा नांदत नाही.