आटपाट नगराचा शक : ऐतिहासिक काळात मांडलेली परीकथा आणि मराठी कुमारसाहित्य

१. विषयाची मांडणी

मराठी कहाणीतील नगराला नाव नसते. ते केवळ 'आटपाट नगर' असते. तेथील राजाचा वंश कोणता, रयतेकडून वसूल किती येतो, वाड्यात राबणारी माणसे कोणत्या अटींवर राबतात, याविषयी कहाणी मौन पाळते. हे मौन हा तिचा दोष नव्हे. स्थलकालापासून मोकळी असल्यामुळेच कथा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सहज जाऊ शकते. युरोपीय परीकथेची प्रकृतीही याहून फारशी वेगळी नाही. गेल्या तीन-चार दशकांत इंग्रजी कुमारवाङ्मयाने मात्र परीकथेला या कालातीततेतून जाणीवपूर्वक बाहेर काढले. सिंड्रेला, निद्रिस्त राजकन्या, गवताचे सोने कातणारी मुलगी यांच्या कथा विशिष्ट शतकात, विशिष्ट राज्यव्यवस्थेत आणि विशिष्ट समाजात नेऊन नव्याने सांगितल्या गेल्या. १९९० नंतर अशा कादंबऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली आणि २००२ पासून 'वन्स अपॉन अ टाइम' या नावाने परीकथांच्या पुनर्कथनांची एक स्वतंत्र मालाही निघाली.

मराठीत परीकथा विपुल आहे आणि ऐतिहासिक कादंबरी तर तिच्याहून अधिक प्रतिष्ठित आहे. तरीही या दोहोंच्या संयोगातून कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबरीची परंपरा मराठीत उभी राहिली नाही. प्रस्तुत लेखात या प्रकाराची वाङ्मयीन कसोटी कोणती, मराठीत त्याची सामग्री कोठे उपलब्ध आहे आणि तो रुजल्यास मराठी वाचकाच्या इतिहासविषयक जाणिवेत काय फरक पडेल, या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. आपण परीकथा आहोत हे उघडपणे सांगणारी कथा इतिहासाशी ऐतिहासिक कादंबरीपेक्षाही अधिक प्रामाणिक राहू शकते, हे येथील प्रतिपादन आहे.

२. पोशाख आणि प्रश्न

या प्रकारातील लेखनाचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात इतिहास हा पोशाखासारखा येतो. राजवाड्याचे नाव बदलते, घोडागाडी, वस्त्रे व खाद्यपदार्थ त्या काळाचे होतात. परंतु कथेच्या गाभ्याला काही होत नाही. कथा त्या काळातून उचलून दुसऱ्या काळात ठेवली तरी चालते. दुसऱ्या वर्गात काळ कथेला प्रश्न विचारतो. परीकथेतील एखादी निरागस वाटणारी वस्तू किंवा कृती इतिहासात आली की तिची किंमत कोणी मोजली, हे सांगावे लागते.

डॉना जो नापोली यांची 'बाउंड' (२००४) ही कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चीनमध्ये सिंड्रेलासदृश कथा नवव्या शतकातच लिखित स्वरूपात आढळते. नापोली यांनी ती मिंग राजवटीच्या काळात आणली. त्या काळी मुलींची पावले बांधून लहान ठेवण्याची रूढी होती. त्यामुळे 'लहान पावलात बसणारे पादत्राण' या परीकथेतील सुंदर खुणेमागे वेदनेचा एक सामाजिक इतिहास उभा राहतो. सुझन वेन यांच्या 'द क्रिम्झन थ्रेड' (२००८) मध्ये गवताचे सोने करण्याची कथा एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कमध्ये आयरिश स्थलांतरित मुलीच्या वाट्याला येते. तेथे सूत आणि शिलाई यांचे सोने होते खरे. पण ते सोने कोणाच्या श्रमातून निघते आणि कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न टाळता येत नाही.

या वर्गातील सर्वांत गंभीर उदाहरण जेन योलेन यांच्या 'ब्रायर रोझ' (१९९२) या कादंबरीचे आहे. निद्रिस्त राजकन्येची कथा नातींना पुन्हा पुन्हा सांगणारी एक आजी, तिच्या मृत्यूनंतर त्या कथेचा माग काढत पोलंडमधील खेल्म्नो येथील नाझी संहारस्थळापर्यंत पोहोचणारी नात, अशी तिची रचना आहे. विषारी वायू ही तेथील निद्रा आहे आणि राजपुत्राचे चुंबन म्हणजे मृतप्राय मुलीच्या तोंडात फुंकलेला श्वास आहे. महत्त्वाचे हे की, कथा संपल्यावर लेखिका वाचकाला स्वतंत्रपणे बजावते : त्या ठिकाणाहून कोणी स्त्री जिवंत सुटल्याचे आपल्याला ठाऊक नाही. म्हणजे कादंबरीतील सुटका ही परीकथेची देणगी आहे, इतिहासाची नव्हे. अद्भुत घटक येथे इतिहासाला गोड करीत नाही. इतिहासात जे घडले नाही ते नेमके किती मोठे होते, याचे माप तो वाचकाच्या हाती देतो. प्रस्तुत प्रकाराची कसोटी हीच मानावी लागेल.

३. १८६८ : दोन वाटा

मराठी मुलखातील लोककथांच्या मुद्रित इतिहासात १८६८ हे वर्ष महत्त्वाचे आहे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर यांनी 'ओल्ड डेक्कन डेज' हा संग्रह त्या वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध केला. १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यात त्यांच्या आयेने, ॲना लिबेराता डि सूझा हिने, या कथा सांगितल्या होत्या. त्याच वर्षी मराठीत नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही अद्भुतरम्य कादंबरी आली आणि रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही पहिली ऐतिहासिक कादंबरी त्यानंतर तीनच वर्षांत, १८७१ मध्ये अवतरली. अद्भुत आणि इतिहास ही दोन्ही दालने मराठीत जवळजवळ एकाच वेळी उघडली. परंतु त्यांच्यामधला दरवाजा पुढे बंदच होत गेला. नाथमाधवांच्या 'वीरधवल' (१९१३) सारख्या कादंबरीने तो काही काळ किलकिला ठेवला, तरी तेथील भूतकाळ हा शकाविना असलेला भूतकाळ आहे. तो आटपाट नगराचाच विस्तार होय.

फ्रिअर यांच्या संग्रहाची रचना या संदर्भात बोलकी आहे. कथांच्या आधी ॲनाचे आत्मकथन दिले आहे. लिंगायत घराण्याने केलेला ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, त्यामुळे घरातून झालेली हकालपट्टी, लष्कराच्या आश्रयाने झालेला संसार, वैधव्यानंतर पत्करलेली चाकरी, असा एकोणिसाव्या शतकातील एका सामान्य कुटुंबाचा इतिहास त्यात आहे. त्यानंतर कथा सुरू होतात आणि त्यांत या इतिहासाचा मागमूसही नाही. सांगणारी स्त्री काळात आहे आणि तिने आजीकडून ऐकलेली कथा काळाबाहेर आहे. एकाच पुस्तकात शेजारी बसलेल्या या दोन गोष्टींची गाठ मारणे, हे काम पुढील लेखकांसाठी शिल्लक राहिले.

या संग्रहातील 'सोदेवाबाई' ही दख्खनची सिंड्रेला होय. तिचे रत्नजडित पादत्राण डोंगरावरून खाली रानात पडते, ते एका राजपुत्राच्या हाती लागते आणि त्यावरून विवाह जुळतो. युरोपीय कथा येथे संपते, दख्खनी कथा येथून खरी सुरू होते. राजपुत्राला आधीची राणी आहे. सोदेवाबाईचा प्राण तिच्या गळ्यातील सोन्याच्या हारात आहे. थोरल्या राणीच्या पक्षाची एक दासी तो हार चोरते. दिवसा हार दुसऱ्याच्या गळ्यात असेतो सोदेवाबाई मृतवत् पडून राहते, रात्री तो उतरला की जिवंत होते. अखेरीस तिच्या लहानग्या मुलामुळे हार परत मिळतो.

ही कथा पेशवाईतील एखाद्या सरदाराच्या वाड्यात आणली तर काय होईल, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे. सवत हे तेथे कथेचे सोयीस्कर खलपात्र राहणार नाही. वारसा, नेमणूक आणि मुलाचा हक्क यांत अडकलेली ती एक स्त्री होईल. दासीचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. पेशवेकाळात कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे, त्या देणगी म्हणून दिल्या-घेतल्या जात, याची नोंद पेशवे दप्तरात आहे. जिच्या स्वतःच्या देहाची किंमत कागदावर लिहिली गेली आहे, तिने दुसरीचा प्राण असलेला हार चोरणे या घटनेचा अर्थ तेव्हा पूर्णतः पालटतो. मूळ कथेत ती केवळ दुष्ट आहे. इतिहासात आणलेल्या कथेला मात्र, हिचा प्राण कोणाच्या गळ्यात आहे, असे विचारावेच लागेल. असा प्रश्न चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला पेलतो. किंबहुना न्याय-अन्यायाची जाणीव तीव्र असण्याचे ते वय असल्यामुळे तो त्यालाच अधिक पेलतो.

४. हिरकणी : न विचारलेला प्रश्न

मराठीत परीकथा आणि इतिहास यांचा संयोग झालाच नाही असे नव्हे. तो आख्यायिकेच्या रूपाने झाला. हिरकणीची कथा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. दूध विकण्यासाठी रायगडावर गेलेली बाई, सूर्यास्ताला बंद होणारे दरवाजे, पायथ्याच्या घरी असलेले तान्हे मूल, आणि अंधारात तुटलेला कडा उतरून जाणारी आई ही कथा रचनेच्या दृष्टीने शुद्ध परीकथा आहे. वेळेची अट, ओलांडता न येणारा उंबरठा, अशक्यप्राय अवतरण आणि शेवटी राजाकडून गौरव हे तिचे घटक जगातील परीकथांना सामाईक आहेत. सिंड्रेलाच्या कथेत बारा वाजतात, येथे दरवाजा लागतो. फरक एवढाच की, हा दरवाजा जादूने नव्हे, तर गडाच्या शिस्तीने लागतो.

पाठ्यपुस्तके, कविता, नाटुकली आणि २०१९ मधील मराठी चित्रपट यांतून ही कथा सतत सांगितली गेली. तिचे तात्पर्य मातृप्रेम हे ठरून गेले आहे. कथेचा शेवट मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. राजा हिरकणीचा सन्मान करतो आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधवून घेतो, कारण तेथून शत्रूही चढून येऊ शकेल. म्हणजे तिच्या धैर्याचे स्मारक आणि तिच्या वाटेवरचा अडसर ही एकच वास्तू आहे. गडाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच होते. तथापि दुसऱ्या दिवशी दूध घेऊन गड चढताना त्या बाईला काय वाटले असेल, हा प्रश्न आजवरच्या प्रचलित पुनर्कथनांनी क्वचितच विचारला. गौरवाच्या भरात कथेतील ही विलक्षण दुहेरी खूण झाकली गेली.

येथे एका अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. महाराष्ट्रात आख्यायिका ही फार लवकर इतिहास मानली जाते आणि एकदा ती इतिहास मानली गेली की तिच्याविषयी प्रश्न विचारणे हे अनादराचे ठरते. ऐतिहासिक कादंबरीनेही या गोंधळास हातभार लावला आहे. तिचा कल्पित संवाद आणि दप्तरातील नोंद यांतील सीमारेषा वाचकाला दिसत नाही. परिणामी लेखकाचे स्वातंत्र्य आणि इतिहासाचा मान ही दोन्ही संकटात येतात. ज्या कथेत हारात प्राण असतो, ती कथा मात्र कोणालाही फसवू शकत नाही. तिच्यातील अद्भुत हीच तिची प्रामाणिक कबुली असते. त्यामुळे तिच्या भोवतीचा काळ, म्हणजे वेतन, गुलामी, रूढी, कर यांचा तपशील, वाचक अधिक सावधपणे व अधिक विश्वासाने तपासू शकतो. योलेन यांच्या कादंबरीने दिलेला धडा मराठीला येथे उपयोगी पडणारा आहे.

महाभारताच्या बाबतीत मराठीने हे धाडस केलेले आहे. इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' (१९६७) मधील लेखांनी महाकाव्यातील पात्रे एका विशिष्ट समाजरचनेत उभी केली आणि त्यांच्या निर्णयांचा हिशोब मागितला. हे प्रौढांसाठीचे चिंतनपर लेखन होते. कहाणीला आणि लोककथेला, म्हणजे प्रामुख्याने स्त्रियांनी मुलांना सांगितलेल्या वाङ्मयाला, तशी प्रतिष्ठा लाभली नाही.

५. गुरुग्राम आणि मराठी कुमारवाचक

या चर्चेला महाराष्ट्राबाहेरचा एक संदर्भ आहे. पेंग्विन रँडम हाउस इंडिया, हॅशेट इंडिया यांसारख्या इंग्रजी प्रकाशनसंस्थांची कार्यालये गुरुग्राममध्ये आहेत. भारतीय मुलांसाठीच्या इंग्रजी पुस्तकांचा एक मोठा ओघ या शहरातून निघतो. याच शहरात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना बालवयात मराठी गोष्ट मिळते. बाराव्या-तेराव्या वर्षी मात्र मराठीत पुढची पायरी सापडत नाही. १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' यांनी ती पायरी आपापल्या काळात बांधली होती. पण अद्भुताच्या अंगाने ती कोणी पुढे नेली नाही. वाचक येथेच भाषा बदलतो आणि बहुधा परत येत नाही.

वस्तुतः गुरुग्रामची भूमीदेखील अशा कथेला अनुकूल आहे. आज शहराचा भाग झालेले बादशाहपूर व झाडसा हे एकेकाळी बेगम समरूच्या ताब्यातील परगण्यात होते. नर्तकी म्हणून आयुष्याची सुरुवात, वॉल्टर राइनहार्ट या युरोपीय सेनानायकाची संगत, त्याच्या मृत्यूनंतर (१७७८) त्याच्या फौजेची व सरधन्याच्या जहागिरीची मालकी, असा तिचा प्रवास सिंड्रेलेच्या कथेसारखा भासतो. परंतु तिच्या कथेत राजपुत्र नाही, पलटणींचा पगार आहे. महादजी शिंदे यांचे दिल्लीवर वर्चस्व असण्याचा तो काळ. १८०३ च्या आसईच्या लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या आणि त्याच वर्षअखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांचा दिल्लीभोवतालचा मुलूख कंपनीकडे गेला. बेगमेने मात्र नव्या सत्तेशी जुळवून घेत १८३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपले स्थान राखले. राखेतून सिंहासनाकडे जाणारी वाट इतिहासात कशी दिसते, हे मराठी मुलाला त्याच्या घरापासून काही किलोमीटरवर दाखवता येईल. ती वाट मराठी इतिहासातूनच जाते.

६. समारोप

ऐतिहासिक काळात मांडलेली परीकथा हा परकीय वाङ्मयप्रकार म्हणून आयात करण्याचे कारण नाही. सोदेवाबाईचा हार, हिरकणीचा बुरूज, कहाण्यांतील नावडत्या राण्या ही सामग्री आपल्याकडे दीड शतकाहून अधिक काळ मुद्रित व मौखिक स्वरूपात पडून आहे. लेखकाने दोन पथ्ये पाळली पाहिजेत. काळ हा पोशाख म्हणून न आणता कथेला प्रश्न विचारण्यासाठी आणावा आणि कोणता अंश दप्तरातला, कोणता आजीच्या तोंडचा, हे पुस्तकाच्या अखेरीस वाचकाला स्वच्छ सांगावे. असे झाल्यास कुमारवयीन मराठी वाचक इतिहासावर प्रेम करायला शिकेल आणि त्याच वेळी त्याला प्रश्न विचारायलाही शिकेल. या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, असा समज आपल्या सार्वजनिक जीवनात दृढ होत चालला आहे. तो मोडण्याचे काम इतिहासग्रंथांनी करावे तसेच कथेनेही करावे. आटपाट नगराला शक दिल्याने कहाणीचे सुफळ होणे थांबत नाही. ते फळ कोणाकोणाच्या वाट्याला आले, एवढे मात्र सांगावे लागते.