विडंबन
विडंबन : एखादी साहित्यकृती, लेखकाची शैली अथवा वाङ्मयप्रकार यांतील सांकेतिकता हास्यकारक रीतीने उघड होईल, असे केलेले त्यांचे अनुकरण. ‘पॅरडी’ या संज्ञेचा पर्याय म्हणून हा शब्द मराठी समीक्षेत रूढ झाला. मात्र दोहोंची घडण भिन्न आहे. ‘पॅरडी’चे मूळ ग्रीक ‘परोदिया’ हे असून मूळ गीताच्या शेजारी उभे केलेले दुसरे गीत, असा त्याचा आशय आहे. थेसॉसचा हेगेमन हा आद्य विडंबनकार होय, असे ॲरिस्टॉटलने नमूद केले आहे.

‘विडंबन’ हा शब्द संस्कृत ‘विडम्ब्’ या धातूपासून बनला आहे. अनुकरण करणे, बरोबरी करणे, उपहास करणे व क्लेश देणे असे त्या धातूचे विविध अर्थ आहेत. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटुवेषधारी शिव पार्वतीपुढे तिच्या भावी वरातीचे चित्र रंगवितो. तेथे ‘विडंबना’ म्हणजे हास्यास्पद अवस्था. नीलकंठ दीक्षित (सतरावे शतक) यांच्या कलिविडंबनात वैद्य, ज्योतिषी, मांत्रिक आदींचा उपहास आहे. विशिष्ट काव्याचे अनुकरण नाही. मराठीत या अर्थांची वाटणी झालेली दिसते. अप्रतिष्ठेचा अर्थ ‘विटंबना’ या रूपाकडे गेला, तर अनुकरणातून होणारा उपहास ‘विडंबन’ या शब्दाकडे राहिला.

संस्कृत साहित्यशास्त्राने विडंबनाला स्वतंत्र काव्यप्रकार मानले नाही. तथापि शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य निर्माण होते, हे भरताचे नाट्यशास्त्रातील मत येथे मार्गदर्शक ठरते. मराठीतील सर्वांत गाजलेली विडंबने प्रेमकवितेचीच असावीत, यात म्हणूनच नवल नाही. केशवकुमार म्हणजे प्र. के. अत्रे (१८९८–१९६९) यांच्या झेंडूची फुले (१९२५) या संग्रहाने हा प्रकार मराठीत प्रतिष्ठित केला. रविकिरण मंडळाच्या (स्थापना १९२३) कवींच्या लकबी हे त्याचे एक प्रमुख लक्ष्य होते. ‘परिटास’ या कवितेत विरहगीताची आर्तता परिटाच्या वाट पाहण्याला लाभते. ‘प्रेमाचा गुलकंद’मध्ये प्रियकराने रोज दिलेल्या गुलाबांचा प्रेयसीने गुलकंद केलेला असतो. भाषा उदात्त आणि विषय घरगुती, या विसंगतीतून येथे हास्य उद्‌भवते. ज. के. उपाध्ये यांची चालचलाऊ गीता हे या परंपरेतील आणखी एक उल्लेखनीय उदाहरण. पु. ल. देशपांडे यांच्या मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास (१९९४) या पुस्तकात इतिहासलेखनाची शैलीच विडंबनविषय झाली आहे.

विडंबन हे परोपजीवी व म्हणून गौण लेखन होय, असा आक्षेप घेतला जातो. तो निकृष्ट विडंबनांना लागू पडतो. मूळ कवितेतील चार शब्द बदलून साधलेली गंमत मूळ कविता विस्मृतीत जाताच निस्तेज होते. ‘प्रेमाचा गुलकंद’ मात्र मूळ संकेतांची ओळख नसलेल्या वाचकालाही हसविते, कारण तिला स्वतःचे कथानक व स्वतःची लय आहे. दुसऱ्याची शैली हुबेहूब पेलण्यासाठी तिची मर्मज्ञ जाण आवश्यक असते. या दृष्टीने उत्तम विडंबन ही समीक्षाच होय. ती जाण नसेल, तर मागे केवळ विटंबना उरते. अनुकरण हा या शब्दाचा अर्थ उपहासाइतकाच महत्त्वाचा आहे, तो यामुळेच.