शहामृगाच्या कवचावरील रेघा

महाराष्ट्रातील उत्तर पुराश्मयुग आणि मध्याश्मयुग यांवरील डॉ. एस. ए. साळी यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खनन हा त्याचा कणा. जमिनीचा थर आणि त्यात सापडलेली दगडी अवजारे यांची सांगड घातल्यामुळे मोठी पाती जाऊन सूक्ष्मास्त्रे कशी आली, हे क्रमाने कळते. हे ग्रंथाचे खरे बळ.

उणीव अशी, की अवजारांच्या प्रकारांच्या गर्दीत ती वापरणारा माणूस मागे पडतो. त्याचे जगणे शिक्षकालाच जुळवावे लागते.

पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव रेघांचा एक तुकडा मिळाला. रेडिओकार्बन पद्धतीने कवचाचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले. मणी म्हणजे दागिना, हे उघड आहे. पण रेघ म्हणजे कला का? रॉबर्ट बेडनारिक यांनी भारतातील असे तुकडे तपासले, तेव्हा बहुतेकांवरील खुणा नैसर्गिक ठरल्या. झाडांच्या मुळांमुळेही कवचावर चर पडतात. पाटण्याचा तुकडा मात्र कसोटीला उतरला.

हीच कसोटी वर्गात हवी. धारूरच्या बालाघाट डोंगरातही बेसाल्ट आहे, आणि बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी तयार होतो. विद्यार्थ्याने धारदार खडा आणला, तर लगेच ‘आदिमानवाचे हत्यार’ म्हणू नये. ठोका बसल्याचा फुगवटा दिसतो का? छिलके एकाच दिशेने, पुन्हापुन्हा काढलेले आहेत का? उत्तर ‘नाही’ आले तरी धडा वाया जात नाही.