फ्रेस्कोबाल्दी, जीरोलामो
(सप्टेंबर १५८३ – १ मार्च १६४३). इटालियन ऑर्गनवादक व प्रारंभिक बरोक काळातील श्रेष्ठ संगीतरचनाकार. जन्म फेरारा येथे. तेथील दरबारी ऑर्गनवादक लुत्सास्को लुत्सास्की हा त्याचा गुरू. १६०८ मध्ये रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये त्याची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. १६२८–३४ या काळात तो फ्लॉरेन्सला मेदीची दरबारी होता. नंतर तो पूर्वपदावर परतला. रोम येथे तो मरण पावला.

त्याची कीर्ती मुख्यतः टोकाता या मुक्त रचनाप्रकारावर अधिष्ठित आहे. ऑर्गन व हार्प्सिकॉर्ड यांसाठी लिहिलेल्या टोकातांचे त्याचे दोन संग्रह १६१५ व १६२७ मध्ये प्रसिद्ध झाले. तत्कालीन मॅड्रिगल गीतांत काव्याच्या भावानुसार लय मंद वा द्रुत होई. फ्रेस्कोबाल्दीने हे तत्त्व शब्दांवाचून वाद्यावर आणले. पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत तो बजावतो, की लय एकसारखी ठेवू नये, आरंभीचे स्वरमेळ सावकाश व स्वर सुटे करून वाजवावेत आणि वादकाला वाटल्यास रचना मध्येच एखाद्या विरामस्थानी संपवावी. छापील स्वरलिपी म्हणजे संपूर्ण संगीत नव्हे, ही जाणीव इतक्या स्पष्टपणे मांडणारे रचनाकार थोडेच. या सूचनांकडे दुर्लक्ष करून ठोक्याबरहुकूम वाजविल्यास त्याचे टोकाता विस्कळीत भासतात. तो दोष रचनेचा नव्हे.

मात्र या स्वातंत्र्यामागे कठोर शिस्त आहे. ‘काप्रीच्यो’ संग्रहात (१६२४) कुक्कू पक्ष्याच्या दोन स्वरांसारख्या अल्प सामग्रीतून तो दीर्घ रचना उभी करतो. *फिओरी म्यूझिकाली* (१६३५) या ऑर्गनसाठी रचलेल्या उपासना-संगीताच्या ग्रंथातील एका रिचेरकारेत चार स्वरौघ लिहून दिले आहेत. पाचव्यासाठी केवळ एक लहान स्वरबंध दिला असून तो कोठे बसतो हे हुडकून वादकाने स्वतः गावयाचे असते. याच ग्रंथातील उपासनेच्या परमोच्च क्षणासाठी रचलेल्या टोकातांत विसंवादी स्वर दीर्घकाळ लांबवून साधलेली आर्तता अपूर्व आहे. त्या मानाने त्याची गीते सामान्य वाटतात. त्याचे सारे ज्ञान बोटांच्या टोकांशी आहे, असा टोमणा जोव्हान्नी बात्तिस्ता दोनी या समकालीन विद्वानाने मारला होता. काव्याच्या जाणिवेपुरता तो कदाचित खरा असेल, परंतु वरील रिचेरकारे पाहता वाद्यसंगीताबाबत तो टिकत नाही.

योहान याकोप फ्रोबेर्गर हा व्हिएन्नाच्या दरबारातून १६३७ मध्ये त्याच्याकडे शिकण्यास आला व त्याच्यामार्फत ही शैली जर्मन प्रदेशांत पोहोचली. योहान सेबास्टिआन बाखने १७१४ मध्ये *फिओरी म्यूझिकाली*ची प्रत संपादन केली होती. त्यामुळे फ्रेस्कोबाल्दीला बाखचा केवळ पूर्वसूरी मानण्याचा प्रघात पडला. तो अन्यायकारक आहे. कारण टोकातातील क्षणाक्षणाला पालटणारी लय बाखच्या सुघटित फ्यूगमध्ये आढळत नाही आणि तेथे ती शोधणेही व्यर्थ होय.