पत्रावळ आणि शिंपटी

माझी भाची साडेतीन वर्षांची आहे. तिच्याकडे एक लाकडी पाटी आहे. पाटीवर एक कडी, एक कोयंडा, एक झिप, दोन बटणं, बुटाची एक नाडी आणि दिव्याचं एक खोटं बटण. तिला 'माँटेसरी बिझी बोर्ड' म्हणतात. ताईने ती ऑनलाइन मागवली, चांगले पैसे मोजून. पाटी हॉलमध्ये पडलेली असते आणि भाची स्वयंपाकघरात आजीच्या पायात पायात करत असते, कारण खरी कडी तिकडे आहे. दुपारी ताई ऑफिसात असते, मी घरून काम करते, त्यामुळे तिला तिथून उचलून पुन्हा पाटीपाशी आणून बसवणं हे माझं काम.

या उचलाउचलीला कंटाळून एकदा आई म्हणाली, "मुलं कशी वाढवायची ते रील बघून कळत नाही. 'श्यामची आई' वाचा दोघी. सगळं आहे त्यात."

मी ते चौथीच्या सुट्टीत वाचलं होतं आणि सगळे रडतात तशी रडले होते. परत हातात घेतलं ते खरं तर आईचं म्हणणं खोडून काढायला. पूर्ण खोडता आलं नाही, आणि पूर्ण पटलंही नाही. हा लेख त्याबद्दल.

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. 1935 साली ते छापलं गेलं. 42 रात्री, 42 आठवणी. 1953मध्ये अत्र्यांनी सिनेमा काढला, त्याला पुढच्या वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. तेव्हापासून आपण हे पुस्तक वाचतो त्यापेक्षा जास्त आठवतो, आणि आठवतो ते बहुतेक एकच दृश्य. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई धोंडीवर आपलं लुगडं पसरते, आणि मग पायांना जपतोस तसं मनालाही जप असं सांगते. वक्तृत्व स्पर्धांपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या सुप्रभात संदेशांपर्यंत हे वाक्य सगळीकडे गेलं. 'संस्कार' म्हटलं की आपल्याला असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं: आईने बोलायचं, मुलाने ऐकायचं, दोघांनी डोळे पुसायचे.

माझी पहिली तक्रार याच वाचनाशी आहे. या पुस्तकातला मुलगा भाषणांतून फारसं शिकत नाही. तो शिकतो कामातून.

सातव्या रात्रीची 'पत्रावळ' काढून बघा. घरात रोजच्या जेवणाला पत्रावळी लागतात, त्या घरच्यांनीच लावायच्या. श्यामला येत नाही, आणि शिकायचा आळस आहे. आई त्याच्यापुढे पत्रावळीचा धडा घेऊन बसत नाही. लावता येत नसेल तर पानही नाही, एवढंच. तो चिडतो, फुगतो, आणि शेवटी अक्काकडून शिकतो. पत्रावळ लावणं म्हणजे काय याचा मी आधी कधी विचारच केला नव्हता. पानाची कोणती बाजू वर, देठ कुठे खुडायचं, एका पानावर दुसरं किती चढवायचं, चोय कुठे टोचायची म्हणजे पान फाटणार नाही आणि चोयीचं टोक घासात येणार नाही. हाताला समजणाऱ्या या गोष्टी आहेत. आणि चुकलं तर कुणी शेरा मारायची गरज नाही, वरण जमिनीवर ओघळतं. जमलं तर 'व्हेरी गुड' म्हणून टाळ्याही नकोत, त्याच पानावर जेवायला मिळतं.

आता बिझी बोर्ड आठवा. त्यावरची कडी उघडली तर मागे काही नाही. ती न उघडल्याने घरातलं कोणाचं काही अडत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला हे कळतं. तिने ती पाटी दोन दिवसांत सोडली ती बहुधा म्हणूनच. गंमत अशी की 1907मध्ये रोमच्या गरीब वस्तीत माँटेसरीबाईंनी बालगृह काढलं, तिथली मुलं खरोखर टेबलं पुसत होती, जेवण वाढत होती. बटणांच्या चौकटी तिथेही होत्या, पण त्या स्वतःचे कपडे स्वतः घालता यावेत म्हणून. आपण चौकट विकत घेतली आणि कपडे आजही आम्हीच घालतो, कारण कॅब खाली उभी असते.

बार्बरा रोगॉफ नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहेत. ग्वाटेमालातल्या माया कुटुंबांत मुलं कशी शिकतात हे त्या अनेक वर्षं पाहत आल्या आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तिथली लहान मुलं मोठ्यांच्या कामापासून बाजूला काढली जात नाहीत. ती जवळ असतात, बारकाईने बघतात आणि झेपेल तेवढा हात लावतात. शिकवण्यासाठी वेगळा तास नसतो. हे वाचताना मला पालगडचं ते घर दिसलं. अठराव्या रात्रीची 'अळणी भाजी' तर त्याचा नमुनाच आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक शब्द न काढता जेवतात, म्हणून मुलगाही गप्प जेवतो. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. दुसऱ्याच्या कष्टाची बूज राखणं या विषयावर त्या जेवणात कोणी बोललेलं नाही. मुलाने बापाच्या तोंडाकडे पाहिलं, बस्स.

मग पुस्तकभर आई एवढं बोलते ते काय? इथे माझं वाचन थोडं आगाऊ वाटेल. पण बघा, ही गोष्ट कोण सांगतंय? लहान श्याम नाही. मोठा झालेला श्याम, रात्री आश्रमातल्या मित्रांना. आणि त्याच्यामागे तुरुंगात बसलेला तेहतीस वर्षांचा लेखक, ज्याची आई 1917मध्ये गेली. पुस्तकातल्या श्यामची आणि आईची शेवटची भेट होत नाही, तो पोचतो तेव्हा ती गेलेली असते. मला वाटतं, कृती आईच्या आहेत आणि त्यांच्या खाली जोडलेला अर्थ बऱ्याचदा मुलाचा आहे. उशिरा पोचलेला मुलगा प्रत्येक आठवणीतून शेवटचा निरोप ऐकायचा प्रयत्न करतो. म्हणून तर ते वाक्यावाक्याला गहिवरणं, जे आज वाचताना जड जातं. मी काही पानं चक्क अंगठ्याने सरकवली, कबूल करते. साहित्य म्हणून ते पुस्तकाचं दुबळेपण आहे. पण पालकांनी तेवढंच उचललं आणि पत्रावळ टाकून दिली, हा दोष पुस्तकाचा नाही.

एक दोष मात्र पुस्तकाचाच आहे, आणि तो मला माझ्या पाठीवर माहीत आहे.

बारावी रात्र, 'श्यामचे पोहणे'. पोरगा विहिरीला घाबरतो, माळ्यावर लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारत बाहेर घालवते. लोक त्याला विहिरीत ढकलतात. घरी आल्यावर आई वळांवर हात फिरवते, जेवताना दही वाढते, तुला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून मारलं असं समजावते. दुसऱ्या दिवशी श्याम आपण होऊन पोहायला जातो. म्हणजे शिंपटी बरोबर ठरली.

आमच्या घरी शिंपटी नव्हती, लाकडी फूटपट्टी होती. पाढे चुकले की ती निघायची. नंतर कधी साखर-पोळी मिळायची, आणि "श्यामच्या आईनेसुद्धा मारलंच होतं" हेही ऐकायला मिळायचं. दह्याची वाटी म्हणजे काय ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. मार विसरता येतो, दही विसरता येत नाही, कारण दही खाल्लं की रागवायचा हक्क जातो. मला आजही तेराचा पाढा म्हणताना पोटात गोळा येतो.

म्हणून ते प्रकरण या वेळी मी हळू वाचलं. श्यामला पोहायला कोणी शिकवलं? पाण्यात त्याच्या अंगाला तरंगायचा आधार बांधलेला आहे. विहिरीत पोहणारी जाणती माणसं आहेत, त्याच्याच वयाची पोरं उड्या मारताहेत. पत्रावळीच्या वेळी जे होतं तेच इथेही आहे: करणाऱ्यांच्या जवळ असणं आणि हाताला धरणारं कोणीतरी. फरक एवढाच की इथे लेखकाने सगळं श्रेय शिंपटीला दिलं. भिणाऱ्या मुलाला विहिरीच्या काठावर चार दिवस नुसतं बसू दिलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न गुरुजींसारख्या हळव्या लेखकालाही पडला नाही. आईवर राग धरणं त्याला शक्यच नव्हतं. नव्वद वर्षं मराठी घरांनी त्या प्रकरणाचा आधार घेतला आहे, त्यामुळे ते 'त्या काळचं' म्हणून सोडून देता येत नाही.

आणखी एक गोष्ट. कामातून शिकणं हे सगळीकडे गोड नसतं. पाचव्या रात्री मथुरी येते, या घरी भात कांडायला येणारी. ती तापाने पडते, आई श्यामला तिची विचारपूस करायला लावते, श्याम दया शिकतो. पण गोष्ट श्यामच्या बाजूनेच सांगितली आहे. मथुरीसारख्यांच्या घरात मूल कामाला हात लावतं तेव्हा त्याला कोणी संस्कार म्हणत नाही. ती मजुरी असते, आणि त्यातून सुटायचं तर शाळेत जावं लागतं. श्यामला दोन्ही मिळालं, पत्रावळही आणि इंग्रजी शाळाही. आणि हे सगळं ज्या बाईच्या जिवावर चाललं, ती कर्ज, आजारपण आणि उपासमारीत खंगत गेली. पुस्तक तिच्या थकव्याची पूजा करतं. तिची कामं कोणी वाटून घ्यावीत हे तेविसाव्या रात्री, 'अर्धनारी नटेश्वर'मध्ये, जरा कुठे येतं, श्याम घरकामाला हात लावतो तेव्हा. ते प्रकरण मला सगळ्यात आवडतं, आणि वक्तृत्व स्पर्धेत ते मी कधी ऐकलेलं नाही.

आमच्या घरी आजी आहे म्हणून भाचीला स्वयंपाकघर आहे, हेही त्यातलंच. साडेतीन वर्षांच्या मुलीबरोबर मटार सोलायला बसलं की अर्धा किलोला पाऊण तास लागतो. काही दाणे पोटात, काही फ्रिजखाली. तो पाऊण तास ताईकडे नाही. तिच्याकडे आहेत संध्याकाळी साडेसातनंतरची दमलेली चाळीस मिनिटं आणि आपण कमी पडतोय ही भीती, जिच्यावर त्या पाटीचा धंदा चालतो. तिला "अगं, कामात घे तिला" असं मी सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे जशी बघितली, ते मी लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात मी आईला म्हटलं, तू वाचून दाखव हिला 'श्यामची आई', पण पोहणं वगळ. आई बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, "पोहणं राहू दे. पण पत्रावळ म्हणजे काय हे तरी कळायला हवं ना पोरीला."

तेव्हापासून मी दुपारी तिला उचलून आणणं बंद केलं आहे. रविवारी आम्ही तिघी पानं शोधायला बाजारात गेलो. पूजेच्या सामानाच्या दुकानात पत्रावळी आहेत का विचारलं, तर त्याने चंदेरी कागदाच्या पुढे केल्या. पानाच्या? म्हणाला, त्या मशीनवर दाबलेल्या येतात, त्या देऊ का. आईने नुसती पानं मागितली, न लावलेली. तो हसला आणि म्हणाला, ऑर्डर द्यावी लागेल, किती शेकडा हव्यात?